खाट अकराची हिस्टरी

शुरूकला ग्रीकच्या परीक्षेत शंभरपैकी एकोणपन्नास मिळाले होते आणि नुहाला शहाण्णव. तरीही मेडिसिनच्या वॉर्डात दोघी शिरल्या की खाटांवरून हाका यायच्या त्या शुरूकला. "ए पोरी, इकडे ये, काल आपली गोष्ट अर्धीच राहिली!" कुणी म्हातारी तिच्या हातात संत्र्याची फोड कोंबायची, कुणी म्हातारा तिला आपल्या शेळ्यांची नावं सांगायचा. शुरूक क्रियापदांना वाटेल त्या शेपट्या जोडायची, बायकांना पुल्लिंगी करून टाकायची, आणि पेशंट पोट धरधरून हसायचे. हसता हसता सगळं सांगून मोकळे व्हायचे. कधीपासून दुखतंय, कुठल्या गोळ्या चुकवल्या, सुनेच्या कानावर काय जाता कामा नये.

नुहा शुद्ध बोलायची, बातम्या देणाऱ्या बाईसारखी. तिला पाहिलं की पेशंट पांघरूण सारखं करून ताठ बसायचे. हो किंवा नाही म्हणायचे. कुणी जास्त बोललंच, तर ते बेटावरच्या गावरान बोलीत, आणि पुस्तकातल्या ग्रीकवर वाढलेल्या नुहाला त्यातलं निम्मं कळायचं नाही. मग ती वहीत मान खाली घालून काहीतरी लिहीत राहायची. पलीकडच्या खाटेवरून शुरूकचं हसणं ऐकू यायचं.

दोघी चुलत बहिणी. इर्बिदला एकाच इमारतीत वरखाली राहणाऱ्या दोन भावांच्या मुली, वयात तीन महिन्यांचं अंतर. बारावीला नुहाला सत्त्याण्णव टक्के पडले आणि जॉर्डनमधली मेडिकलची जागा थोडक्यात हुकली. ती आठ दिवस खोलीबाहेर आली नाही. शेवटी बापाने ग्रीक बोलणाऱ्या बेटावरच्या, निकोसियाच्या कॉलेजचा अर्ज आणला. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचार केला, एकटीला परमुलखात कसं पाठवायचं? आपली शुरूकही जाऊ दे सोबतीला. शुरूकला अठ्ठ्याऐंशी टक्के होते. तिच्या मनात मेडिकल कधी आलंच नव्हतं. बेटावर समुद्र आहे एवढं कळल्यावर ती हो म्हणाली. निकोसियाला समुद्र नाही हे तिला विमानातून उतरल्यावर समजलं, आणि त्यावरही ती दोन दिवस हसत होती.

पहिली तीन वर्षं नुहाला काही खुपलं नाही. उलट ते दिवस तिला फार आवडले. नुहा वर्गात पहिली यायची, शुरूक कशीबशी पास व्हायची. परीक्षेच्या आधी शुरूक पलंगावर मांडी घालून बसायची. "सांग गं बाई, ही किडनी नेमकं करते तरी काय?" नुहा तिला दोन-दोन तास समजावायची, चित्रं काढून दाखवायची. बहिणीवर आपला किती जीव आहे, असं तिला तेव्हा वाटायचं.

चौथ्या वर्षी पुस्तकं मिटली, समोर माणसं आली, आणि सगळं फिरलं.

घरमालकीण कीर्या अँड्रूला, म्हणजे अँड्रूलाबाई, ही विधवा बाई, पासष्टीची, आवाजाने भरभक्कम. तिच्या स्वयंपाकघरात बसूनच शुरूक ग्रीक शिकली होती. दोघी मिळून अळकुड्या सोलायच्या, द्राक्षाच्या पानांत भात भरायच्या आणि कुणाच्या देशातल्या गुंडाळ्या बारीक यावरून रोज भांडायच्या. नुहाला त्याच वेळात दोन प्रकरणं संपवायची असायची. ती आपलं ताट घेऊन खोलीत जायची.

"ती दुसरी जेवते की औषध घेते?" अँड्रूला विचारायची.

"ती हुशार आहे," शुरूक सांगायची. "तिला चावायलाही वेळ नसतो."

भिंत पातळ होती. नुहाला ऐकू यायचं. त्या थट्टेत कौतुक होतं हे तिला कळत होतं, आणि कळत असूनही ते वाक्य तिला दिवसभर खुपत राहायचं.

नुहाचा डोळा एका गोष्टीवर होता. मेडिसिनच्या प्रमुख डॉ. मिरोफोरा दर जूनमध्ये पाचव्या वर्षाचा एकच विद्यार्थी बरोबर घेऊन महिनाभर डोंगरातल्या गावांत दवाखाने करायच्या. परतल्यावर त्या विद्यार्थ्याला पत्र द्यायच्या. त्या पत्रावर पुढे कुठेही शिकायला जागा मिळते असं सगळे म्हणायचे. दुसऱ्या वर्षापासून नुहाने ती जागा मनात स्वतःच्या नावावर करून ठेवली होती. पाचव्या वर्षाच्या हिवाळ्यात एकदा राऊंड संपताना डॉक्टर सहज म्हणाल्या, "पेशंटला बोलतं कसं करायचं ते या शुरूककडून शिका." सहा विद्यार्थ्यांनी माना डोलावल्या. नुहानेही डोलावली. घरी येऊन तिने नळ सोडला आणि हात चांगले दहा मिनिटं धूत उभी राहिली.

मार्चमधल्या एका सोमवारी अकरा नंबरच्या खाटेवर हाम्बीस आला. मेसाओरियाच्या मैदानातला शेतकरी, चौऱ्याहत्तर वर्षांचा, हाताचे तळवे फळीसारखे. पाय लुळे पडल्यासारखे झाले होते, उभं राहवत नव्हतं. ब्लडप्रेशर चढलेलं, रक्तातलं पोटॅशियम तळाला गेलेलं. सलाईनमधून पोटॅशियम दिलं की थोडं वर यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ असेल म्हणून डॉक्टरांनी तपासण्या मागवल्या, पण त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसत नव्हता.

"गुरुवारी मोठा राऊंड आहे," डॉ. मिरोफोरा म्हणाल्या. "तोवर याचं उत्तर कुणी आणलं तर मला आवडेल. पेशंट शुरूककडे आहे. बाकीच्यांनीही डोकं चालवा."

शुरूक हाम्बीसपाशी, त्याला 'पाप्पू', म्हणजे आजोबा, म्हणत दोन तास बसली. उठली तेव्हा तिच्या वहीची सात पानं भरली होती.

"काय काय विचारलंस?" घरी जाताना नुहाने विचारलं.

"सगळं! बायको वारलीय त्यांची. तीन मुली, तिघीही इंग्लंडात. नाताळानंतर सिगारेट सोडली, ती पण एका दिवसात, बघ! मी म्हटलं पाप्पू, माझे बाबा वीस वर्षं सोडतायत. प्रेशरची एक गोळी घेतात. दारू नाही. जुलाब नाहीत, उलट्या नाहीत." शुरूकचा चेहरा उतरला. "सात पानं लिहिली गं, पण त्यात पोटॅशियम कुठेच सापडत नाहीये."

नुहाला आतून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की तिने वाटेत शुरूकला आईस्क्रीम घेऊन दिलं.

बुधवारी दुपारी शुरूक लायब्ररीत होती. नुहा दहा नंबरच्या बाईचं प्रेशर घेऊन वळली तर खाट अकरावर हाम्बीस खिडकीकडे तोंड करून बसलेला आणि तोंडात काहीतरी चघळत असलेला. आधी तिला वाटलं, दात कोरतोय. मग त्याने ती काडी बाहेर काढली. बोटाएवढी जाड, टोकाला चावून चावून कुंचल्यासारखी झालेली, आतून पिवळी. नुहा जागीच थांबली.

ती काडी तिने लहानपणी हजारदा पाहिली होती. रमजानात इर्बिदच्या बाजारात सूसचं सरबत विकणारा पितळेच्या वाट्या वाजवत फिरायचा आणि त्याच्या गाडीवर या मुळ्यांचा ढीग असायचा. ज्येष्ठमध. आजोबांना ते सरबत प्राणापलीकडे प्रिय, पण प्रेशर वाढल्यावर डॉक्टरांनी बंद करून टाकलेलं. तिसऱ्या वर्षाच्या औषधशास्त्राच्या पुस्तकात उजव्या पानावर खाली बारीक अक्षरात चार ओळी होत्या. ज्येष्ठमध फार पोटात गेलं तर प्रेशर चढतं, पोटॅशियम उतरतं, स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात.

तिने हात पुढे केला. हाम्बीसने उशीखालची पिशवी काढली आणि पाहुणीला सुपारी द्यावी तशी एक काडी तिच्या हातावर ठेवली. तिने वास घेतला, टोक चावलं. गोड.

"दिवसाला किती?" तिने आपल्या शुद्ध ग्रीकमध्ये विचारलं.

"पंधरा. वीस. सिगारेट सोडल्यापासून. ओढ्याकाठी उगवतं आमच्या, फुकट." तो हसला. "तोंडाला चाळा लागतो ना काहीतरी."

त्याचं प्रत्येक वाक्य तिला कळलं. वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदाच. सात पानं भरूनही शुरूकला जे मिळालं नव्हतं ते तिला एका नजरेत मिळालं होतं.

नर्स चार पावलांवर होती. आत्ता तिला सांगायला हवं. निदान हाम्बीसला म्हणायला हवं, बाबा, हे चावू नका. शब्द ओठांवर आलेही होते. पण मग तो शुरूकला सांगणार. संध्याकाळी शुरूक आली की म्हणणार, तुझ्या बहिणीने काडी बंद केली माझी. शुरूकला कळणार आणि उद्या राऊंडला शुरूकच बोलणार. पेशंट तिचा ना.

एक रात्र. दोन महिने चघळतोय, एका रात्रीने काय होतंय? सलाईन चालू आहे, डॉक्टर आहेत, नर्सा आहेत.

"धन्यवाद," नुहा म्हणाली, आणि काडी कोटाच्या खिशात टाकून बाहेर पडली.

संध्याकाळी अँड्रूलाच्या ओट्यापाशी शुरूक कोपरं टेकून बसली होती. समोर वही उघडी.

"नुहा, ये ना जरा. माझं डोकं चालेनासं झालंय. उद्या सगळ्यांसमोर उभं राहून काय सांगू? पाप्पूंच्या शेळ्यांची नावं? तुला काही सुचतंय का? काहीही?"

नुहाने वही हातात घेतली. पानं चाळली. तिसऱ्या पानावर शुरूकच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं, सिगारेट सोडली, आता काही ना काही चघळतात. पुढे तिने एक हसरा चेहरा काढला होता. म्हणजे ही दारापर्यंत पोचली होती, फक्त आत गेली नव्हती. नुहाने त्या ओळीवरून नजर उचलली.

"नाही गं," ती म्हणाली. "मलाही काही सुचत नाहीये."

"तुलाही नाही? मग ते अवघडच असणार," शुरूक म्हणाली, आणि तिला तेवढ्यानेच हायसं वाटलेलं दिसलं.

गुरुवारी सकाळी आठला त्या वॉर्डात पोचल्या तेव्हा खाट अकरा रिकामी होती. गादीसुद्धा गुंडाळलेली.

पहाटे पाचला हाम्बीसच्या हृदयाचे ठोके भलतेच सुटले होते. दोनदा विजेचा झटका द्यावा लागला. जिवंत होता, खाली अतिदक्षता विभागात होता, शुद्धीवर नव्हता. नर्सने हे शुरूकला सांगितलं आणि शुरूक तिथेच, मधल्या वाटेवर, खाली बसली. "माझं काहीतरी राहिलं," ती अरबीत पुन्हा पुन्हा म्हणत होती. "त्यांनी सांगितलं असणार आणि मला कळलं नसणार. माझं राहिलं."

नुहाने राऊंडसाठी पाठ केलेली वाक्यं, सुरुवात कशी करायची, काडी खिशातून कधी काढायची, सगळं डोक्यातून पुसलं गेलं होतं. डॉ. मिरोफोरा घाईने आत आल्या. नुहा पुढे झाली.

"डॉक्टर, ते ज्येष्ठमध चघळतात. पिशवीभर काड्या आहेत."

तिने खाटेच्या बाजूचा अर्धवट उघडा खण पुरता ओढला. नर्सने पिशवी तिथे टाकली होती. डॉक्टरांनी एक काडी उचलली, मोडली, हुंगली. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग फोन उचलून खाली सूचना दिल्या, एकामागून एक, भराभर. फोन ठेवून त्या वळल्या.

"केव्हा लक्षात आलं तुझ्या?"

प्रश्न साधा होता. त्यांना फक्त आनंद झाला होता.

"आत्ताच," नुहा म्हणाली. "हा खण उघडा दिसला म्हणून."

"शाबास. आम्ही तिघी-चौघी डॉक्टर गाठ शोधत बसलो होतो." त्या बाकीच्यांकडे वळल्या. "डोळे उघडे ठेवणं म्हणजे काय ते बघून घ्या."

तीन वर्षं हे वाक्य तिने मनात ऐकलं होतं. ते खरोखर कानावर पडलं तेव्हा तिने खण ढकलून बंद केला.

शुरूक उठली, नाक पुसलं आणि येऊन तिच्या गळ्यात पडली. "तू वाचवलंस त्यांना. माझ्या मूर्खपणातून तू वाचवलंस." दुपारपर्यंत तिने इर्बिदला फोन करून दोन्ही मजल्यांवर बातमी पोचवली होती. अँड्रूलाने नुहासाठी मुद्दाम बदामाच्या वड्या केल्या आणि समोर बसून खायला लावल्या. आठवड्याने फळ्यावर कागद लागला. जूनचा महिना, डॉ. मिरोफोरांबरोबर: नुहा. शुरूकने त्या कागदाचा फोटो काढला.

आणि नुहा काय करत होती? ती शुरूकवर अजूनही जळत होती. ती गोष्ट तिला स्वतःलाच समजेना. सगळं मिळालं होतं, मग आता आणखी काय हवं होतं? पण रात्री शुरूक भिंतीकडे तोंड करून घोरायला लागली की नुहाला वाटायचं, हिला झोप येते. हिला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघून असं लख्ख हसता येतं. हे हिला कुणी शिकवलं? मला का नाही शिकवलं?

हाम्बीस बारा दिवसांनी वॉर्डात परत आला. आवाज बारीक झाला होता, पण पायांत जोर येत होता. शुरूक रोज त्याच्यापाशी जायची. नुहा त्या बाजूला फिरकायची नाही.

शनिवारी दोघी गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. शुरूक सकाळपासून गप्प होती, आणि शुरूक गप्प म्हणजे काहीतरी घडलेलं.

"पाप्पू आज मजेत होते," ती चिमटा लावत म्हणाली. "मला म्हणाले, तुझी ती बारीक बहीण फार हुशार. मरायच्या आदल्या दिवशी माझी काडी चाखून गेली."

नुहाच्या हातातली चादर तशीच राहिली.

"मी म्हटलं पाप्पू, आदल्या दिवशी नाही, त्याच दिवशी. तर म्हणाले, मला काय येडा समजतेस? बुधवारी दुपारी आली. काडी मागितली, चावली, दिवसाला किती विचारलं, धन्यवाद म्हणाली आणि गेली." शुरूकने मान वर केली. "खोटं बोलतायत का ते?"

"नाही."

"म्हणजे त्या संध्याकाळी ओट्यापाशी... मी तुला विचारलं तेव्हा..."

"माहीत होतं मला."

शुरूकने हातातला चिमटा दोरीला लावून टाकला.

"मी तुला बोलू दिलं असतं, नुहा," शुरूक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तू म्हणाली असतीस ना, शुरूक, मला सापडलंय पण उद्या मला सांगू दे, तर मी तोंडाला कुलूप लावलं असतं. त्या काड्या तेवढ्या काढून घेतल्या असत्या आणि गप्प बसले असते. मला काय करायचंय ते तुझं पत्र नि तो डोंगर! तुला एवढं साधं कळत नाही माझ्याबद्दल? वीस वर्षं एका जिन्याने वरखाली करतोय आपण!"

"मला तुझा राग येतो," नुहा म्हणाली. हे वाक्य तिने ठरवून काढलं नव्हतं. "तू काही करत नाहीस. नुसती बसतेस, आणि लोक येऊन तुझ्या ओंजळीत टाकतात सगळं. मी मरमर मरते."

"मी काही करत नाही?" शुरूक पहिल्यांदाच कडवट हसली. "दर परीक्षेला निकालाआधी मी संडासात बसून रडते, माहितीये? तू पहिली येणार हे ठरलेलं असतं. मी पास होईन की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं. मला नाही का वाटत, हिचं डोकं मला असतं तर? वाटतं. रोज वाटतं. पण म्हणून मी कुणाला मरू नाही दिलं."

तिने रिकामी बादली उचलली. जिन्यापाशी थांबली.

"मी डॉक्टरांना सांगणार नाही. आणि तुझ्यासाठी नाही, कळलं? घरी कळलं तर तुझी आई अंथरूण धरेल, म्हणून."

ती खाली गेली. नुहा ओली चादर हातात घेऊन उभी राहिली. एवढं सगळं ऐकूनही तिच्या मनात आधी आलं ते हेच, की बघा, याही वेळी मोठेपणा तिचाच. आणि हे मनात आल्याबरोबर तिला स्वतःची अशी किळस आली की ती खाली बसली.

सोमवारी ती डॉ. मिरोफोरांच्या दारात उभी राहिली. सगळं सांगितलं. बुधवारची दुपार, खिशातली काडी, ओट्यापाशी बोललेलं खोटं, राऊंडला बोललेलं खोटं. डॉक्टरांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"आज का सांगतेयस? बहिणीला कळलं म्हणून?"

"ती कुणाला सांगणार नव्हती."

"ते मी विचारलं नाही."

"हो. तिला कळलं नसतं तर मी आले नसते."

"हे तरी खरं बोललीस," डॉक्टर म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. थकल्यासारख्या दिसत होत्या. "चुका सगळ्यांच्या होतात. माझ्या हातून माणसं गेलीत, तुझ्याही जातील. पण तुझी ही चूक नव्हती. तुला उत्तर येत होतं." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जून विसर. मेडिसिनचे बारा आठवडे सप्टेंबरपासून पुन्हा करायचे, खालच्या बॅचबरोबर. कॉलेजच्या समितीपुढे मी हे ठेवणार आहे. त्याहून जास्त काही होऊ नये असं मी म्हणेन, पण वचन देत नाही. आणि हाम्बीसला तू स्वतः सांगायचंस. ग्रीकमध्ये. सोबत कुणी येणार नाही."

तिने हाम्बीसला सांगितलं. शब्द अचूक होते, प्रत्यय अचूक होते. तो आधी हसत होता, त्याला वाटलं ही आभार मानायला आली. मग त्याने तिला पुन्हा सांगायला लावलं.

"तुला ठाऊक होतं, हे खाऊन मी मरेन?"

"मरू शकाल, हे ठाऊक होतं."

"आणि गेलीस?"

"गेले."

"का?"

मत्सराला ग्रीकमध्ये काय म्हणतात ते तिला येत होतं. तिने तो शब्द उच्चारला. म्हाताऱ्याने मान भिंतीकडे फिरवली आणि आपल्या बोलीत काहीतरी लांबलचक बोलला. तिला त्यातलं एकच कळलं, चालती हो. त्याने तिला माफ केलं नाही, तेव्हाही नाही आणि घरी जाताना इंग्लंडाहून आलेल्या मुलीच्या खांद्यावर हात ठेवून वॉर्डातल्या सगळ्यांचा निरोप घेत गेला तेव्हाही नाही. तिच्यापुढून तो सरळ निघून गेला.

समितीने डॉक्टरांचं ऐकलं. घरी नुहाने एवढंच कळवलं की मेडिसिनचे बारा आठवडे करायचे राहिलेत. बापाने फोन आईकडे दिला. शुरूकने मधे पडून काहीच सावरलं नाही, आणि नुहाने तिला तसं विचारलंही नाही.

जूनची जागा शुरूकला मिळाली. तिने आधी नको म्हटलं. डॉ. मिरोफोरा म्हणाल्या, "काडी तुझ्याही नजरेतून सुटली, त्याचा हिशेब आपण डोंगरात करू. बॅग भर." शुरूक गेली त्या सकाळी नुहाने तिची बॅग बसपर्यंत नेली. दोघी "जपून" एवढंच बोलल्या.

दर रविवारी शुरूकचा फोन यायचा, अँड्रूलाला. अँड्रूला ओट्यापाशी उभी राहून ओरडून बोलायची आणि नुहा टेबलाशी बसून अर्ध्या बाजूचं ऐकायची. आताशा ती ताट घेऊन खोलीत जात नसे. अँड्रूलाला काय कळलं होतं, किती कळलं होतं, देव जाणे. तिने एकदाही विचारलं नाही. फक्त तिला घेऊन बसायची, भाजी निवडायला लावायची आणि गावरान बोलीतला एकेक शब्द दहादा म्हणून घ्यायची. नुहाचा उच्चार ऐकून हसायची. नुहाला ते हसणं सोसायला शिकावं लागलं.

महिना संपत आला तेव्हा एका मंगळवारी दुपारी फोन वाजला. नुहाचा. पडद्यावर शुरूकचं नाव.

"ऐक," शुरूक म्हणाली. कशी आहेस नाही, काही नाही. "इथे एक बाई आहे, पन्नाशीची. चार महिन्यांत बारा किलो उतरली. सारखी गळून जाते, उठली की चक्कर येते. इथले सगळे म्हणतात नवरा गेल्याचं दुःख. मला नाही तसं वाटत. ती मला म्हणाली, मीठ नुसतं खावंसं वाटतं, ऑलिव्हच्या बरणीतलं पाणी पिते म्हणाली. डॉक्टर संध्याकाळी येतील, तोवर मी काय बघू?"

नुहा खुर्चीवरून उठली होती. "प्रेशर उभं करून घेतलंस का? बसवून एकदा, उभं करून एकदा. तळहाताच्या रेषा बघ, काळ्या पडल्यात का. हिरड्या बघ, आतून. जुन्या जखमांचे व्रण बघ. आणि रक्तातलं सोडियम... मूत्रपिंडावरची ग्रंथी बंद पडत असेल तिची..." ती बोलत गेली. बारा-पंधरा मिनिटं तिला जे जे येत होतं ते सगळं तिने सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. पलीकडे पेन्सिलीचा आवाज येत होता.

"हिरड्या," शुरूक म्हणाली. "बरं. बघते." फोन बंद झाला.

नुहा खिडकीशी जाऊन उभी राहिली. डोंगरात, त्या दवाखान्यात, आत्ता शुरूक त्या बाईला तोंड उघडायला सांगत असेल. बाई हसत असेल. संध्याकाळी डॉ. मिरोफोरा येतील आणि शुरूक उभी राहून सांगेल, आणि त्या म्हणतील, शाबास. मत्सराची ती ओळखीची कळ उठली, अगदी पूर्वीसारखी, तसूभरही कमी नाही. नुहाने ती येऊ दिली. मग तिने फोन पुन्हा उचलला आणि शुरूकला लिहिलं, एक राहिलं सांगायचं, त्या बाईला आज एकटीला घरी पाठवू नका, एका रात्रीतही कोसळू शकते.